दोन ओरगडम

चेन्नईला ओरगडम दोन आहेत. एक अंबत्तूरच्या पोटात, रेड हिल्सकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास. दाटीची घरं, कोपऱ्यावर पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ, दारापुढे रोज पहाटे घातलेलं कोलम. दुसरं शहराच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरुंबुदूरच्या पुढे, सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीतल्या रुंद रस्त्यांवर वसलेलं. तिथे मोटारी, ट्रक, मोटरसायकली आणि टायर तयार होतात. पहिल्या ओरगडममध्ये आमचं तारुण्य सुरू झालं, दुसऱ्याशी आता पोटाचा संबंध आहे. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या माणसाला तिकडे जावंच लागतं, आणि तिकडे गेलं की एखादा रविवार काढून मी अंबत्तूर गाठतो.

आम्ही म्हणजे या शतकाच्या पहिल्या पाच-सात वर्षांत एकोणीस-वीस वर्षांची असलेली, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची मिशनरी मुलं. तेव्हा लोक आम्हाला मॉर्मन म्हणत आणि आम्हीही स्वतःला तेच म्हणत असू. 2018 साली चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आणि आजची मुलं ते लांब नाव एका दमात म्हणतात. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावपट्टी, आणि सोबत सदैव दुसरा तसाच मुलगा, आमच्या भाषेत कंपॅनियन. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड. 1993 साली बेंगळुरूला मिशन सुरू झालं, त्याचे पहिले अध्यक्ष पंजाबात जन्मलेले गुरचरणसिंग गिल. 2007 मध्ये दिल्लीचं मिशन वेगळं होईपर्यंत सारा भारत बेंगळुरूच्या हाताखाली होता. पुण्या-मुंबईची मराठी मुलं आमच्यात मोजकीच. बरीचशी हैदराबाद, राजमहेंद्री, विशाखापट्टणमची तेलुगू मुलं. कुणालाच आपल्या गावी ठेवत नसत, म्हणून पुण्याचा मुलगा अंबत्तूरला आला.

बोलावणं यायचं ते टपालाने. सॉल्ट लेक सिटीहून निघालेलं जाड पांढरं पाकीट, आत अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांच्या सहीचं पत्र. अर्ज केल्यापासून पाकीट हाती येईपर्यंत घरातलं कुणीही पोस्टमनला पाणी न विचारता जाऊ देत नसे. ते लगेच फोडायचं नसे. वडील कामावरून यायचे, आजी हातपाय धुऊन बसायची, मग कात्रीने कड कापायची. आमची आजी नगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळीतली. नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत मोठी झालेली. आमचे आईवडील या नव्या मंडळीत गेले ते तिला रुचलं नव्हतं, पण पाकीट फोडताना ती पदर डोक्यावर घेऊन बसली आणि ‘बंगलोर’ हे नाव ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं, की तिथे भाकरी मिळते का.

आता बोलावणं संगणकावर येतं. नोव्हेंबर 2018 पासून ही पद्धत बदलली. मुलगा फोनसमोर बसतो, दुबईचा काका आणि नाशिकची मावशी पडद्यावर येतात आणि सगळे एकाच क्षणी गावाचं नाव वाचतात. खरं पाहता ही रीत अधिक प्रेमळ आहे. आमच्या वेळी मावशीला आठ दिवसांनी कळायचं, तेही पोस्टकार्डाने. शिवाय तेव्हा मुलगा एकोणीस वर्षांचा आणि मुलगी एकवीस वर्षांची होईस्तोवर थांबावं लागे. ऑक्टोबर 2012 मध्ये ही वयं अठरा आणि एकोणीसवर आली आणि कितीतरी मुलींना शिक्षण अर्ध्यात न तोडता जाता आलं. हे सगळं मान्य करूनही ते पाकीट मला हवंसं वाटतं. त्याच्यासाठी अख्खं घर एका वेळी एका खोलीत बसायचं.

अंबत्तूर तेव्हा चेन्नईत नव्हतं. त्याची स्वतःची नगरपालिका होती. 2011 साली ते महापालिकेत आलं. कारखान्यांचा पट्टा, सायकली बनवणारी टीआय सायकल्स, साठच्या दशकापासून वाढलेली औद्योगिक वसाहत, सेंट्रलहून आवडी-अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकल गाड्या. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा आणि आम्ही दोघं त्यात वाट काढत चालायचो. आमच्याकडे शहराचा नकाशा नव्हता. आमच्याकडे एरिया बुक होतं.

एरिया बुक म्हणजे एक जाड फाइल. त्या भागात पूर्वी राहून गेलेल्या प्रत्येक जोडीने त्यात कागद लावलेले असत: कुणाला भेटलो, काय बोललो, घर कुठे. घराचा पत्ता म्हणजे हाताने काढलेलं चित्र. देवळापासून डावीकडे, निळं फाटक, कुत्रा आहे पण बांधलेला. आजोबांना कमी ऐकू येतं, मोठ्याने बोला. इथली धाकटी मुलगी गणितात कच्ची आहे, वेळ मिळाल्यास शिकवा. अक्षरं दहा तऱ्हांची, इंग्रजी दहा प्रांतांचं. कुणी कोपऱ्यात आपल्या भाषेत एखादा शब्द लिहून ठेवलेला असायचा. ज्यांना आपण कधी पाहिलं नाही अशा मुलांच्या अक्षरावर विसंबून आम्ही अनोळखी गल्लीत शिरायचो, आणि फाटक नव्याने रंगवलं गेलं की खाली लिहायचो: फाटक आता हिरवं.

आता हे सारं फोनमधल्या अॅपमध्ये असतं. घरावर बोट ठेवलं की रस्ता दिसतो, मागची भेट कधी झाली ते दिसतं. तेच बरं आहे, कारण आमची फाइल भाड्याच्या खोलीत उघड्या फडताळात पडलेली असे आणि तिच्यात माणसांची दुखणी, भांडणं, नवऱ्याचं पिणं, सगळं लिहिलेलं असे. ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांची नावं अशी उघड्यावर असणं योग्य नव्हतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की पानं एकमेकांना चिकटायची आणि एखादं कुटुंब त्यात कायमचं हरवायचं. कुलूपबंद फोन त्या कुटुंबाची अब्रू आमच्यापेक्षा चांगली राखतो. पण फोनमध्ये सगळ्यांचं अक्षर एकच असतं. आपल्या आधी इथे कोण चालून गेलं, तो घाईचा होता की शांत, त्याला कुत्र्याची भीती वाटत होती का, हे आजच्या मुलाला त्यातून कळत नाही.

सकाळी साडेसहाला उठायचं, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. आमच्या सकाळचा खरा मालक मात्र पाणी होता. 2003 आणि 2004 ही चेन्नईच्या भयंकर टंचाईची वर्षं. रेड हिल्सचा तलाव ओरगडमपासून जवळ, पण त्याच्या तळाला भेगा पडलेल्या. पाण्याची लॉरी आली की गल्लीभर रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागे. रांगेत सगळ्या अक्का आणि पाट्टी, म्हणजे आज्या; त्यांच्यात टाय लावलेली दोन मुलं, हातात हिरवी आणि नारिंगी घागर. शास्त्राभ्यासाची वेळ असायची, पण लॉरी वेळापत्रक पाळत नसे. ‘तण्णी वंदाच्चा?’ म्हणजे पाणी आलं का, हे माझं पहिलं तमिळ वाक्य. आमचं तमिळ पुस्तकातून आलं नाही, त्या रांगेतून आलं. कुणाची सून बाळंतपणाला गेली, कुणाच्या मुलाला आखातात नोकरी लागली, हे सगळं आम्हाला कळायचं. आम्ही कोण आहोत हे त्यांनाही तिथेच कळायचं. आम्ही धर्माबद्दल चकार शब्द न काढता त्या बायकांनी आमची पारख केली आणि मग एखादी म्हणायची, तंबी, घरी या, माझ्या मुलाला इंग्रजी शिकवा.

आजच्या मुलांची खोली इमारतीत आहे. गच्चीवर टाकी, खाली बोअर, पिण्याला वीस लिटरचा कॅन, तोही फोनवरून मागवलेला. 2019 मध्ये तलाव पुन्हा कोरडे पडले, तेव्हा टँकरवाल्याला पैसे मोजून इमारतींनी दिवस काढले. रांगेत उभं राहण्याचं काव्य करणं मला पटत नाही. त्या रांगेत बायकांची कंबर मोडायची, शाळेत जायच्या पोरी घागरी वाहायच्या, आणि आम्हाला तर दोनच वर्षं ते करायचं होतं. त्यांना जन्मभर. ती रांग गेली हे फार चांगलं झालं. मात्र तिच्याबरोबर अनोळखी माणसाला शेजारी करून घेण्याची एक जागा गेली आणि तिच्या जागी दुसरी आलेली मला दिसत नाही. लिफ्टमध्ये कुणी पाणी आलं का असं विचारत नाही.

मग कॉफी. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या दिवसांचा निम्मा जीव त्यात होता. आमच्या मंडळीत चहा आणि कॉफी घेत नाहीत. 1833 साली संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी दिलेला तो नियम वर्ड ऑफ विजडम या नावाने ओळखला जातो. आता हा नियम घेऊन तमिळ घरात जा! पाहुणा उंबऱ्यात आला की आत डिकॉक्शन उतरायला लागतं. पितळी दबरा-टंबलर, वरून खाली ओतून आणलेला फेस, आणि तो वास. नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. पुण्याच्या घरात चहा नाकारला तर ‘अर्धा कप तरी’ म्हणून आग्रह होतो. इथे आग्रह होत नाही, चेहरा उतरतो. म्हणून आम्ही एक रीत शिकलो. चपला काढता काढताच बोलायचं, बाई स्वयंपाकघराकडे वळायच्या आत. ‘अम्मा, काप्पी वेंडाम्, मोर इरुक्का?’ कॉफी नको, ताक आहे का? आणि ताक मागितलं की घर हसायचं. आलं, कढीपत्ता, हिंग घातलेलं पातळ ताक. काही घरांत आमच्यासाठी बूस्टची बाटली आणून ठेवलेली असे. एक म्हातारी पाट्टी दुधात हळद, मिरपूड आणि पनंकल्कंडु, म्हणजे ताडाची खडीसाखर, घालून उकळून द्यायची आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहायची. तिने आमचं एकही प्रवचन ऐकलं नाही. आम्ही बोलू लागलो की ती म्हणायची, आधी पी. तिच्या देवघरात मुरुगन होता आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला, आणि तिच्या घरी जायचं आम्ही कधी थांबवलं नाही.

आता भेटीआधी निरोप जातो. मुलं व्हॉट्सअॅपवर आधीच कळवतात, आम्ही चहा-कॉफी घेत नाही, काही करू नका. बाटलीबंद पाणी समोर येतं. कुणाचा चेहरा उतरत नाही, कुणाची दुधाची पिशवी फुकट जात नाही. अडचणीतल्या घराला तर हा मोठाच दिलासा. आमच्या वेळी एखादी बाई शेजारणीकडून उसनं दूध आणायची आणि ते आम्हाला नंतर कळायचं. तरी मला ते उंबऱ्यावरचं बोलणं आठवतं. त्या अर्ध्या मिनिटात नकार आणि मागणी एकत्र होती. आम्ही त्यांच्याकडे काहीतरी मागत होतो, त्यामुळे आमचं येणं केवळ द्यायला आलेल्यांचं राहत नव्हतं.

शर्टांबद्दल थोडक्यात. सोमवारी पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस: धुणं, बाजार, पत्रं. मागच्या अंगणात धुण्याचा दगड, त्यावर पांढरे शर्ट आपटायचे, उजालाची निळी छटा द्यायची, मग कोळशाच्या इस्त्रीच्या गाडीवर नेऊन द्यायचे. मे महिन्यात कत्तिरी वेयिल, म्हणजे अग्निनक्षत्राचं ऊन, तेव्हाही टाय गळ्याला लावलेला. मानेला घामोळं उठायचं, गळपट्टी महिन्याभरात पिवळी पडायची. 2020 पासून काही ठिकाणी फिकट निळा शर्ट चालतो, टाय नसला तरी चालतो, आणि बहिणींना, म्हणजे मिशनरी मुलींना, त्याच्या थोडं आधीपासून पँट घालता येते. त्या उन्हात चाललेला कुणीही माणूस याला बदल म्हणणार नाही, सुटका म्हणेल. इस्त्रीवाल्या अण्णाला मात्र आमची ट्रान्सफर गल्लीच्याही आधी कळायची, कारण एका सोमवारी एकाचेच शर्ट जास्त यायचे.

दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर. रात्रीच्या गाडीने बेंगळुरू, कोइंबतूर, विशाखापट्टणम. पत्र्याची ट्रंक, स्लीपरचा डबा. तेव्हा निरोप घेतला की तो खरोखर निरोप असायचा. ज्या मुलाबरोबर चार महिने एका ताटात जेवलो त्याचा पुढे पत्ताही नसायचा. आता त्यांचे गट असतात, फोटो जातात, वाढदिवस लक्षात राहतात. माझ्या एका तेलुगू कंपॅनियनला मी कैक वर्षांनी फेसबुकवर शोधून काढलं. तो राजमहेंद्रीत शिक्षक आहे. तंत्रज्ञानाने मला तो परत दिला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

पण पत्रांचं सांगायला हवं. घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदा: नाताळ आणि मदर्स डे. मदर्स डे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी. आमच्या मराठी घरात मातृदिन पिठोरी अमावास्येला, त्यामुळे आईला पहिल्या वर्षी कळेचना की आज काय आहे म्हणून मुलगा बोलतो आहे. एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळत असायचे, बाहेर दुसरा मुलगा आपल्या पाळीची वाट पाहत उभा. दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न: जेवलास का, जेवलीस का. वर्षाचं साचलेलं काहीही बोलून व्हायचं नाही.

आठवड्याला एक ईमेल करता यायचा, ब्राउझिंग सेंटरमध्ये बसून. तिथल्या संगणकावर देवनागरी नव्हती. रोमन अक्षरांत मराठी लिहिलं की आई म्हणायची, वाचताना ठेच लागते. म्हणून ती आंतर्देशीय पत्र लिहायची आणि मीही. निळसर कागद, तिचं किरटं अक्षर, जागा संपली की घडीच्या पट्टीवर उभं लिहिलेलं: गॅसची टाकी आली, दादाचा पगार वाढला, आजी तुझं नाव घेते. पत्र पोहोचायला चार-पाच दिवस. उत्तर येईपर्यंत प्रश्नच शिळा झालेला असायचा. पण लिहिताना आठवडा डोळ्यांपुढे मांडावा लागायचा: काय सांगायचं, काय आईला झेपणार नाही, काय अजून आपल्यालाच कळलेलं नाही. मला आलेली कावीळ पत्रात कधीच गेली नाही. ‘जरा अशक्तपणा होता’ असं गेलं, तेही बरं झाल्यावर.

आणि घरचेही तसेच वागायचे. आजी गेली तेव्हा घरच्यांनी ठरवलं, पोराचं मन तिकडे एकटं तुटू नये, पत्रानेच सांगू. पत्र आलं तोवर नगरला तिचा दहावा दिवसही उलटला होता. मी ते लॉरीच्या रांगेत उभा राहून वाचलं. माझ्या त्या तेलुगू कंपॅनियनला मराठी येत नव्हतं; त्याने माझ्या हातातली घागर घेतली आणि दोन्ही घागरी भरून आणल्या. त्या संध्याकाळी आम्ही कुठे गेलो नाही. त्याने भात लावला आणि विचारलं, तुझी आजी कशी होती, सांग. मी मोडक्या इंग्रजी-तमिळमध्ये सांगत गेलो. भाकरीबद्दल, पदराबद्दल, टिळकांच्या भजनांबद्दल. तो रात्री उशिरापर्यंत ऐकत होता. ओरगडममध्ये तो एकटाच माझं घर होता आणि मी त्याचं.

फेब्रुवारी 2019 मध्ये नियम बदलला. आता मुलं दर आठवड्याला घरी फोन करू शकतात, चेहरा पाहून बोलू शकतात. मुलगा रोडावला हे आई पहिल्या नजरेत ओळखते. काविळीचा अशक्तपणा होत नाही. आजी आजारी असेल तर तिच्या खाटेशी फोन धरता येतो. ज्यांना मनाचं दुखणं जडतं, झोप येत नाही, छाती भरून येते, त्यांना आज कुणीतरी नीट विचारतं; आमच्या वेळी अशा मुलाला अजून जोरात प्रार्थना कर एवढंच सांगितलं जाई. मुदत संपायच्या आत घरी परतलेल्या मुलाशी गावातली माणसं खाली बघून बोलायची. त्या मुलांपैकी दोघांना मी ओळखतो. त्यांच्यासमोर मला जुन्या दिवसांचं कौतुक करण्याचा धीर होत नाही, आणि होऊही नये.

आमच्या दिवसांतल्या कठोरपणाला मोठं करून सांगताना मला 1853 सालचे लोक आठवतात. सॉल्ट लेकमध्ये 1852 च्या ऑगस्टमध्ये काही माणसांना भारतात जायला सांगितलं गेलं. ती मॉन्सून नावाच्या जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोहून कलकत्त्याला आली आणि त्यातले रिचर्ड बॅलंटाइन, रॉबर्ट स्केल्टन आणि रॉबर्ट ओवेन्स पुढे मद्रासला गेले. बायकामुलांची पत्रं महिनोन्महिने समुद्रात. त्याच सुमाराला ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस मुंबईहून पुण्याला आला, छावणीतल्या सोल्जरांत त्याला ऐकणारे थोडेफार भेटले, आणि त्याने मराठी शिकायला घेतली. 1855 साली तो परत निघाला. माझ्या पुण्यात, माझ्या भाषेशी झगडणाऱ्या त्या माणसाला चार-पाच दिवसांत येणारं आंतर्देशीय पत्र दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, तुम्हाला दूर जाणं म्हणजे काय ते कळलेलंच नाही. आमच्यानंतरच्या मुलांबद्दल आम्ही तेच म्हणतो. प्रत्येक पिढीला आपण भोगलेलं अंतर योग्य तेवढं वाटतं आणि पुढच्यांचं फार कमी.

रविवारची सभा तेव्हा तीन तासांची, 2019 पासून दोन तासांची. प्रभुभोजनाला तेव्हाही ब्रेड आणि पाणी, आताही तेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, तोही तसाच. जुन्या मंडळींना आमच्या चर्चच्या मंदिरातले विधी करायचे तर हाँगकाँग गाठावं लागे. पासपोर्ट, व्हिसा, विमानभाडं, कितीतरी कुटुंबांचं ते राहूनच गेलं. एप्रिल 2018 मध्ये बेंगळुरूच्या मंदिराची घोषणा झाली आणि 2020 च्या डिसेंबरमध्ये पायाभरणी. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने जाता येईल अशा गावी मंदिर! हाँगकाँगला न पोहोचता गेलेल्या म्हाताऱ्यांची नावं अजून माझ्या तोंडात आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना हे मिळतं आहे याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

विरोधही बदलला. 2002 साली तमिळनाडूत सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा आला, 2004 मध्ये सरकारने तो मागे घेतला. त्या मधल्या काळात आम्ही तिथे होतो. चहाच्या टपरीवर लोक सरळ विचारायचे: पैसे देता का? अमेरिकेहून किती येतात? आई कुठे आहे तुमची, तिला हे चालतं? आम्ही घाबरायचो, पण उत्तर द्यायचो. विचारणारा आणि आम्ही एकाच बाकावर बसलेले असायचो. कधी त्याला पटायचं नाही, तरी तो आमच्यासाठी रिक्षा थांबवून द्यायचा. आता संशय फोनवरून फिरतो, ज्याच्याबद्दल आहे त्याला न भेटता. आजच्या मुलांना टपरीवर कुणी काही विचारत नाही, पण कुणीतरी लांबून फोटो काढतं. या एका बाबतीत जुनं निःसंशय बरं होतं, असं मी कुणासमोरही म्हणेन.

परवाच्या खेपेत सभेनंतर दोन मुलांबरोबर जेवायला बसलो. एक विशाखापट्टणमचा, एक दिमापूरचा. दोघंही माझ्याहून चांगलं तमिळ बोलतात, आणि मी त्यांच्या वयाचा असताना इतका स्थिर नव्हतो. मी आजीची गोष्ट सांगितली. दिमापूरच्या मुलाने विचारलं, तेव्हा फोन असता तर तुम्ही त्या रात्री कंपॅनियनशी बोलला असता का? मी प्रामाणिकपणे म्हणालो, नाही. घरी बोललो असतो आणि झोपलो असतो.

पुण्याला आल्यावर हे मी आईला सांगितलं. ती आता थकली आहे, भाजी निवडत बसली होती. म्हणाली, ‘तो मुलगा चांगला होता, त्याचं भलं होवो. पण तुझी आजी शेवटचे तीन दिवस तुला विचारत होती. फोन असता तर ती तुझ्याशी बोलून गेली असती.’ मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिने त्या मुलाचं गाव विचारलं, आणि मी राजमहेंद्रीला फोन लावून तिच्या हातात दिला. त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. दोघं बराच वेळ बोलत होते.